काठीचे डोळे

रविवारी सकाळी चहाचे कप उचलता उचलता पार्वतीबाईंनी कोनाड्यातला पितळी डबा काढला, रविंद्रच्या पुढ्यात ठेवला, झाकण उघडलं आणि म्हणाल्या, "हे लाव." डब्यात कापसाची गादी होती आणि तिच्यावर चिनी मातीचे लहानमोठे पांढरेशुभ्र डोळे निजले होते. मिलमध्ये बाबिनीवरून फाळक्यावर, म्हणजे लडी करणाऱ्या चक्रावर, जाणारं सूत ज्या गुळगुळीत गोल छिद्रांतून ओवलेलं असतं, ते हे डोळे. अंगणात दोन स्टुलांवर मासे धरायची मानवेल बांबूची लांब भरीव काठी आडवी टाकलेली, खाली पेपरावर रविंद्रनं पोलादी कड्या मोठीपासून बारकीपर्यंत मांडलेल्या, आता नुसत्या बांधायच्या बाकी. आणि माय म्हणते, हे लाव. "सारी उमर सूत गेलं याच्यातून," त्या म्हणाल्या, "डोळ्यापायी एक तार तुटली नाई कधी. तुह्या त्या लोखंडाच्या कड्या काढून ठेव." आणि विचार करायच्या आत रविंद्रच्या तोंडून निघून गेलं, "वा माय! हे तर माह्या ध्यानातच नव्हतं." झालं. बोलून बसला. पार्वतीबाई खूश होऊन भाजी चिरायला आत गेल्या आणि हा बाबा काठीकडे बघत राहिला, एखाद्यानं भर सभेत नको त्या ठरावाला हात वर करावा तसा.

कारण त्याला माहीत होतं. आता गळाच्या काठीला कड्या कशाला लागतात हे ज्यानं तलावाकाठची पोरंच तेवढी पाहिली त्याला कळायचं नाही. बोटभर मासोळीला काय, काठीच्या टोकाला दोरी बांधली की काम भागलं. पण मोठा मासा धरायचा तर मुठीपाशी चरखी पाहिजे, चरखीवर भरपूर नायलॉनची तंगूस पाहिजे, आणि ती तंगूस काठीच्या अंगानं टोकापर्यंत न्यायला कड्या पाहिजेत. मासा ओढतो तेव्हा काठी वाकते आणि त्या वाकातला भार कड्या आपसात वाटून घेतात. कमी पडल्या तर तंगूस लाकडाला घासते, जड झाल्या तर काठी मुर्दाड होते, आणि हलक्या निघाल्या तर ऐन वेळी पाय उपटून हातात येतात. हे सारं त्याला अजनीच्या एका म्हाताऱ्या अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरनं शिकवलं होतं. अंबाझरी तलावाच्या काठावर बसून, सिगारेट ओढत, मोडक्यातोडक्या हिंदीत. मुलाकडे परदेशी जाताना म्हाताऱ्यानं चरखी आणि या पोलादी कड्या रविंद्रच्या हवाली केल्या आणि बजावलं, मोठ्या माशासाठी काच नाही, चिनी माती नाही. ती वजन सोसते, झटका सोसत नाही. आणि एकदा का टवका उडाला की तीच कडी सुरी होते, तुझीच तंगूस कापते. रविंद्रनं हे ऐकलं होतं, पटलं होतं, आणि तरी मायसमोर तो वा म्हणून बसला.

बरं, काठी काही शोभेची नव्हती. पार्वतीबाईंचं माहेर पारशिवनीच्या पुढे, पेंच नदीच्या काठी. तिथे खडकाखाली एक काळाशार डोह आहे आणि डोहात महासीर जातीचे मोठाले मासे. परकरी वयात पार्वतीबाई तिथे साध्या काठीनं मासे धरत. एकदा असल्याच एका मोठ्या धुडानं काठीच हिसकून नेली होती, आणि पोरगी पाण्यात कंबरेपर्यंत जाऊन रडत उभी होती म्हणे. त्यानंतर लग्न, नागपूर, मिल. आता सर्वेवाले त्या शिवारात खुणेचे दगड रोवून गेले होते. होऊ घातलेल्या धरणाचं पाणी चढलं की डोह, खडक, काठची शेतं, सारं एकाच पाण्याखाली. ते कळलं त्या दिवशी पार्वतीबाई म्हणाल्या, "रवी, मी तुले कधी काही मागतलं नाई गा. मले एकदा तो मासा हातात धरून पाहायचा हाये. मोठ्या माशाची काठी करून दे मले." खरंच त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. लुगडं नाही, औषध नाही, बसायला खुर्चीसुद्धा नाही. म्हणून रविंद्रनं ही काठी जीव ओतून करायला घेतली होती.

पण मायला, सुताच्या बाबतीत, नाही कसं म्हणायचं? तो शाळेत होता तेव्हा दुपारी जेवणाचा डबा घेऊन मिलच्या फाटकाशी जायचा. एकदा ओळखीच्या पहारेकऱ्यानं त्याला आत सोडलं. रीलिंग खात्यात बायकाच बायका, सगळ्यांच्या केसांत कापूस, जणू एका दमात साऱ्या म्हाताऱ्या झालेल्या. फाळके गरगर फिरत होते, आवाज असा की छातीत घुमावा. त्याची माय शेजारणीशी तोंड फिरवून बोलत होती आणि बोलता बोलता तिचा डावा हात वर गेला, कुठेतरी तुटलेली तार बोटांनी हवेतच पकडली, गाठ मारली, तार पुन्हा डोळ्यात ओवली आणि हात खाली आला. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तार तुटली हे तिला कळलं कसं? एवढ्या तारा, एवढा गोंगाट! रविंद्र डबा द्यायचा विसरून तसाच उभा राहिला. पुढे तो शिकला, खापरखेड्याच्या वीज केंद्रात ड्रॉइंग ऑफिसला लागला, मोठमोठ्या इंजिनियरांचे हात त्यानं जवळून पाहिले. पण त्या दुपारी जे वाटलं होतं ते पुन्हा कुणाच्या हातांकडे बघून वाटलं नाही. मिलमध्ये नवी यंत्रं आली तेव्हा जुनी भंगारात निघाली. मुकादमाला सांगून पार्वतीबाईंनी आपल्या फाळक्याचे डोळे मागून घेतले. दुसऱ्या बायकांनी वर्गणी काढून फोटो काढला होता. या बाईनं डोळे आणले आणि कापसात जपून ठेवले, आणि आज तेच उचलून त्याच्यापुढे ठेवले होते.

त्यानं ते लावले. पितळेच्या पट्टीचे दोन-दोन पाय करून त्यात एकेक डोळा बसवला, आणि आधी नुसत्या सायकलच्या ट्यूबच्या चकत्यांनी काठीवर अडकवले, म्हणजे मागेपुढे सरकवता यावेत. मुठीजवळ मोठा डोळा, तिथून टोकाकडे जाताना अंतर कमी कमी, कारण वाक टोकाकडे जास्त. प्रत्येक डोळा लावण्याआधी पार्वतीबाई कापसाचा पुंजका चिमटीत घेऊन आतल्या कडेवरून फिरवत. एक जरी तंतू अडकला तरी डोळा बाद. मिलचा हाच कायदा. एकही अडकला नाही. मग तंगूस ओवून अंगणातल्या बादलीला बांधली आणि पार्वतीबाईंनी काठी हातात घेतली. रविंद्र बादलीत तांब्यातांब्यानं पाणी ओतू लागला. काठी वाकली, अजून वाकली, तंगूस डोळ्याडोळ्यातून त्या वाकाबरोबर अशी वळली की कुठेही बांबूला टेकली नाही. म्हातारीचे दंड थरथरत होते, चेहरा मात्र शांत. "अजून टाक," त्या म्हणाल्या. भरलेली बादली जमिनीपासून वीतभर वर उचलली गेली तेव्हा रविंद्रला ओरडावंसं वाटलं, इतकं ते देखणं होतं. कुंपणापलीकडून बायजाबाई, त्यांची जुनी मिलसोबतीण, हे सारं बघत उभी. "काय वं पार्वता, सकाळी पंचशील म्हणतेस अन् आता जीव घ्यायले निघालीस?"

"जीव कोण घेऊन राहिलं? धरीन, पाहीन, सोडून देईन."

"अन् तो तुले सोडीन का?"

"नाई सोडलं तं जाईन त्याच्यासंगं," पार्वतीबाई म्हणाल्या आणि दोघी अशा काही हसल्या की बादली हिंदकळून अर्धं अंगण ओलं झालं. रविंद्रही हसला, पण आतून त्याचं मन म्हणत होतं, बादली झटका देत नाही रे बाबा. बादली म्हणजे मासा नाही. सांग आता. ही वेळ आहे, सांग. "डोळे बेष्ट बसले, नाई का गा?" पार्वतीबाईंनी विचारलं, आणि तो म्हणाला, "बेष्ट."

मग तो आठवडा त्याला खायला उठला. खापरखेड्याच्या बसमध्ये, ऑफिसात टेबलावर वाकलेला असताना, त्याला पांढऱ्या कडेवर केसाएवढी चीर दिसायची. एकदा तर त्यानं शाईची रेघ अर्धवट सोडून बोट तपासलं, कापलं की काय म्हणून. बायकोला, सिंधूला, त्यानं सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. ती म्हणाली, "सांगून टाका ना मायले. खाऊन टाकतीन का तुमाले?" खाऊन टाकणार नाही हे त्यालाही माहीत होतं. मग भीती कसली? हाच तर वैताग. माय चुकली असं मोठ्यानं म्हणणं म्हणजे त्या रीलिंग खात्यात हवेत गेलेला तो हात आपणच खाली ओढण्यासारखं होतं. त्याला वाटायचं, कोण मी? इंजिन ड्रायव्हरची चार वाक्यं पाठ करून आलेला माणूस, आणि समोर ही बाई, जिच्या बोटांखालून सूत गेलं आणि त्या सुताच्या जिवावर मी शिकलो. पुन्हा वाटायचं, पण मासा तिचा आहे ना? माझं भक्तीचं कौतुक राहील आणि तिचा मासा जाईल. मग वाटायचं, कदाचित टिकतीलही डोळे. सारी उमर टिकले. असं तो स्वतःला समजावत राहिला, आणि शनिवारी डोळे कायमचे बांधायची वेळ आली तेव्हा काठी मुकाट्यानं मायच्या हातात दिली.

आणि ते बांधणं! ते बघायला तरी कुणी असायला हवं होतं. पार्वतीबाईंनी भिंतीला टेकून काठी मांडीवर आडवी घेतली, तांबड्या रेशमी धाग्याचं टोक पितळी पायाखाली दाबलं, आणि काठीच गोल गोल फिरवायला लागल्या. धागा आपोआप वेढ्याला वेढा लागून बसत गेला. मध्ये सुईच्या टोकाएवढीही फट नाही. शेवटी गाठ नाहीच. धाग्याचं टोक त्याच वेढ्यांच्या पोटातून ओढून घेतलं की गायब. वर व्हार्निशचा हात. उन्हात काठी वाळत ठेवली तेव्हा तांबडे पट्टे आणि पांढरे डोळे असे चमकत होते की येणारेजाणारे थांबायचे. रविंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी सुंदर चूक त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

रविवारी पहाटे पारशिवनीची एसटी, टपावर जुन्या धोतरात गुंडाळलेली काठी, तिथून पुढे बैलगाडी. पार्वतीबाईंचा भाऊ नत्थू, वाकलेला, बोलका म्हातारा, त्यानं डोहापर्यंत सोबत केली आणि गव्हाला पाणी द्यायचं म्हणून जवळच्या शेतात गेला. फाल्गुन लागला होता. पाणी इतकं निवळ की खडकाची मुळं दिसत. पार्वतीबाईंनी भाजलेल्या बेसनाचा आणि कणकेचा गोळा गळावर बसवला, पदर खोचला, खडकावर मांडी ठोकली आणि तंगुशीवर एक बोट ठेवून बसल्या. जणू पुन्हा कामावर आल्या. रविंद्र मागे उभा. त्याला ऊन लागत होतं, मुंग्या चढत होत्या, पण त्याचं सारं लक्ष टोकाच्या त्या शेवटच्या बारक्या पांढऱ्या डोळ्यावर. बराच वेळ काहीच नाही. मग तंगूस किंचित सरकली, थांबली, पुन्हा सरकली, आणि पार्वतीबाईंनी काठी उचलली.

काठी अशी वाकली की टोक पाण्याला लागलं. चरखी किंचाळली. डोहाच्या पोटात काहीतरी वळलं आणि खाली पळत सुटलं, आणि त्या पळण्यातच कुठेतरी, चरखीच्या आवाजातसुद्धा, रविंद्रला ऐकू आलं: टक्. बारीक, कोरडं. तो ओरडणार तेवढ्यात पार्वतीबाई मागे न बघता म्हणाल्या, "शेवटचा डोळा गेला." बोटाला कळलं होतं. तंगूस खरखरून जात होती. आणि मग त्या बाईनं जे केलं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं, ड्रायव्हरनंही नाही. तिनं काठी खाली घेतली, सरळ माशाच्या दिशेनं रोखली, म्हणजे तंगूस कुठल्याच डोळ्यावर वाकू नये. पदर पाण्यात बुचकळून मुठीला गुंडाळला आणि त्या ओल्या मुठीतून तंगूस सोडू लागली, आवळू लागली, सोडू लागली. मासा ओढी तेव्हा देई, थांबे तेव्हा वीतभर मागे घेई. मासा तिच्या हाताचं ऐकू लागला. एकदा तो वर आला, आडवा झाला, आणि निवळ पाण्यात त्याची सोनेरी, रुंद खवल्यांची कूस ऊन खाऊन गेली. "आला वं माय, आला!" रविंद्र लहान पोरासारखा किंचाळला. मग मासा खडकाच्या खोबणीकडे वळला. तिकडे गेला असता तर गेलाच होता. त्याला अडवायला काठी उचलणं भाग होतं. तिनं उचलली. तंगूस फुटक्या कडेवर वाकली आणि तुटली.

काठी सरळ झाली. पाण्यावरची वलयं काठाला लागून विरली. पार्वतीबाईंनी काठी मांडीवर ओढून घेतली आणि टोकाच्या डोळ्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला. "चिनी माती झटका नाई सोसत," त्या म्हणाल्या.

"नाई सोसत," रविंद्र म्हणाला.

पार्वतीबाईंनी मान वर केली. त्याच्याकडे पाहिलं. तो पायाखालच्या खडकाकडे बघू लागला, आणि तेवढ्यावरून त्यांना सारं कळलं.

"तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग काहून नाई बोलला?"

"तू म्हणलं होतं, माय."

"मी म्हणलं!" त्यांचा आवाज चढला. "मी म्हणलं म्हणून? मी म्हणीन डोहात उडी घे, तं घेशील? अरे, तुह्या बापानं म्हणू देलं असतं का मले? दादाजी म्हणत मिलमधी त्याले सारे, पण घरी? भाजीत मीठ किती, खाट कुठं टाकायची, पोराचं नाव काय ठेवायचं, येका गोष्टीत त्यानं मले सुखानं जिंकू नाई देलं! अन् तो गेला त्या दिवसापासून या घरात माह्यासंगं कोणी बोलूनच नाई राहिलं गा. हो माय. बेष्ट माय. वा माय. तू बी तसाच, सिंधू बी तशीच. मी जित्ती हाये रे, अन् तुमी मले हार घालून भिंतीवर टांगून ठेवलं."

मासा गेल्याचं दुःख मोठं, की हे? इतकी वर्षं ज्याला रविंद्र मान समजत होता तो मायला ओसाड घरासारखा लागत होता. दादाजींच्या मागे घर शांत झालं याचं त्याला कोण कौतुक! शेजारीपाजारी म्हणायचे, पोरगा असावा तर असा, मायच्या शब्दाबाहेर नाही. आणि माय त्या शांततेत एकटी बसून होती, आपल्या बोलण्याला कुणीतरी अडवावं म्हणून वाट बघत. तो तिच्या शेजारी खडकावर बसला. पुष्कळ काही म्हणावंसं वाटलं. माफी मागावी, पाय धरावे. पण ते सारं पुन्हा तेच झालं असतं. त्यानं मायच्या अंगठ्याला रुमाल गुंडाळला आणि म्हणाला, "अन् काठी बी तू चुकीची उचलली."

"काय?"

"पहिल्याच ओढीले हिसका देला तू. पळू द्यायचं असते त्याले. हिसका देला म्हणून डोळा फुटला."

"मी हिसका देला?" पार्वतीबाई ताठ झाल्या. "तू मांगं उभा राहून मुंग्या मारून राहिला होता, तुले काय दिसलं?"

"सारं दिसलं. होळीपावतर पाणी असंच राहीन. पुढच्या आईतवारी पोलादाच्या कड्या लावून येऊ."

"येऊ. पण टोकाले दोनच लावजो, जड होते काठी."

"नाई," रविंद्र म्हणाला. शब्द तोंडातून निघाला आणि त्याला कानशिलं गरम झाल्यासारखी वाटली. "दोन नाई. तीन लागतीन. दोन कड्यांत भार नाई वाटला जात."

"तीन लावशील तं टोक झुकून पडीन, मूर्खा!"

"नाई पडत!"

दोघांचे आवाज डोहावरून पलीकडच्या काठाला जाऊन परत येऊ लागले. शेतात पाणी धरणारा नत्थू कुदळ टाकून धावत आला, मायलेकांचे लाल चेहरे बघून घाबरला आणि दोघांच्या मध्ये हात पसरून उभा राहिला. "काय झालं वं बाई? काहून भांडून राहिले तुमी? रवी, लाज नाई वाटत, मायले उलटून बोलतं?"

पार्वतीबाईंनी भावाचा हात बाजूला सारला. "तू मधात पडू नको गा नत्थू," त्या म्हणाल्या, आणि रविंद्रकडे वळल्या. "हां, काय म्हणत होता तू? पुन्हा बोल."